अमेरिकेच्या मध्यावधी निवडणुकीचा निकाल कसा वाचावा

२०१८ च्या नोव्हेंबरात सांगलीहून मामांचा फोन आला. त्यांची बुधवारची सकाळ होती, माझी न्यू जर्सीतली मंगळवारची रात्र. "काय गं, डेमोक्रॅट जिंकले म्हणे तुमच्याकडे. मग सरकार पडणार कधी?"

मामा रोज दोन वर्तमानपत्रं वाचतात. आपल्या पद्धतीत त्यांचा प्रश्न अगदी रास्त होता: सभागृहात बहुमत गेलं की सरकार जातं. अमेरिकेत तसं होत नाही, आणि हे मला दोन मिनिटांत धड सांगता आलं नाही याची रुखरुख लागून राहिली. त्यानंतर पुण्या-नाशिकहून इथे शिकायला आलेली मुलं, नव्याने आलेली जोडपी आणि गावाकडचे नातेवाईक हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहिले. २०२६ ची मध्यावधी निवडणूक ३ नोव्हेंबरला आहे. पहिल्यांदाच निकाल बघणाऱ्याने कुठून सुरुवात करावी, ते इथे क्रमाने मांडते.

पहिली पायरी: ओळखीच्या शब्दांपासून सावध राहा

'मध्यावधी' म्हटलं की आपल्याला मुदतीआधी विसर्जित झालेली लोकसभा आठवते. १९७१, १९८०, १९९१, १९९९. सरकार गडगडलं किंवा पंतप्रधानांनी डाव टाकला की मध्यावधी. अमेरिकेतली मध्यावधी कोणी जाहीर करत नाही आणि कोणाला टाळताही येत नाही. राष्ट्राध्यक्षाच्या चार वर्षांच्या मुदतीच्या मध्यावर, नोव्हेंबरातल्या पहिल्या सोमवारनंतरच्या मंगळवारी ती होते. महायुद्ध चालू असलं तरी होते. १९४२ ला झालीच होती.

दुसरा शब्द 'काँग्रेस'. इथे काँग्रेस म्हणजे पक्ष नव्हे, संसद. प्रतिनिधिगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं. तिसरी गोष्ट रंगांची. आपल्याकडे लाल म्हणजे डावे, इथे लाल म्हणजे उजवीकडचे रिपब्लिकन आणि निळा म्हणजे डेमोक्रॅट. ही वाटणी काही फार जुनी नाही, २००० सालच्या निवडणुकीनंतर पक्की झाली. लाल नकाशा पाहून कम्युनिस्ट आले का, असं मला एका सुशिक्षित गृहस्थांनी खरंच विचारलं होतं. त्यांना कोणी कधी सांगितलंच नव्हतं, एवढंच.

दुसरी पायरी: चार आकडे कागदावर लिहून ठेवा

प्रतिनिधिगृहात ४३५ जागा, बहुमताला २१८. सगळ्या जागांची निवडणूक दर दोन वर्षांनी होते.

सिनेटमध्ये १०० जागा, प्रत्येक राज्याला दोन. मुदत सहा वर्षांची, आणि दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश जागांवर मतदान. २०२६ मध्ये ३५ जागा आहेत: नेहमीच्या ३३, शिवाय ओहायो आणि फ्लोरिडातल्या दोन पोटनिवडणुका. बरोबरी झाली की उपराष्ट्राध्यक्षाचं मत निर्णायक ठरतं. उपराष्ट्राध्यक्ष जे. डी. व्हान्स रिपब्लिकन असल्याने त्या पक्षाला ५० पुरतात, डेमोक्रॅटांना मात्र ५१ लागतात. २०२४ च्या निवडणुकीत सिनेट ५३ विरुद्ध ४७ आणि प्रतिनिधिगृह २२० विरुद्ध २१५ असं रिपब्लिकनांकडे गेलं. त्या ४७ मध्ये मेन राज्याचे अँगस किंग आणि व्हरमाँटचे बर्नी सँडर्स हे दोन अपक्ष धरलेले असतात, कारण ते डेमोक्रॅटांसोबत बसतात. एखाद्या तक्त्यात ४५ अधिक २ असं दिसलं तर गोंधळू नका.

तिसरी पायरी: 'ताबा' म्हणजे नक्की काय मिळतं

राष्ट्राध्यक्ष आपल्या जागी राहतो. विश्वासदर्शक ठराव नाही, राज्यपालाकडे धाव नाही, आमदारांना घेऊन हॉटेलात मुक्काम नाही. मग एवढी धडपड कशासाठी?

सभागृहाचा अजेंडा आणि समित्या यांच्यासाठी. कोणतं विधेयक चर्चेला येईल हे बहुमतवाला पक्ष ठरवतो, प्रत्येक समितीचं अध्यक्षपद त्याच्याकडे जातं आणि साक्षीदारांना, कागदपत्रांना समन्स काढण्याचा अधिकारही. २०१८ ला डेमोक्रॅटांनी प्रतिनिधिगृह घेतलं, आणि २०१९ च्या डिसेंबरात त्याच सभागृहाने डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर महाभियोग मंजूर केला. मामांच्या भाषेत सांगायचं तर सरकार पडलं नाही, पण सरकारची झडती सुरू झाली. पदावरून काढायला सिनेटमध्ये दोन तृतीयांश मतं लागतात. ती मिळाली नाहीत.

सिनेटच्या हातात नेमणुका असतात. २०१४ च्या मध्यावधीत रिपब्लिकनांनी सिनेट जिंकली. २०१६ च्या फेब्रुवारीत न्यायमूर्ती स्कॅलिया वारले, बराक ओबामांनी मेरिक गारलँड यांचं नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पाठवलं आणि सिनेटने त्यांची साधी सुनावणीही घेतली नाही. पुढच्या वर्षी ती जागा नील गोरसच यांना मिळाली. सव्वा वर्षापूर्वीच्या एका मंगळवारचा परिणाम असा एका न्यायासनावर कित्येक वर्षांसाठी जाऊन बसला.

आपल्या माणसांच्या जवळचं उदाहरणही देते. नोकरीवरच्या ग्रीन कार्डासाठी भारतीयांची जी न संपणारी रांग आहे, तिच्या मुळाशी कायद्यातली एक अट आहे: कोणत्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातल्या ७ टक्क्यांहून जास्त कार्डं नाहीत. राष्ट्राध्यक्ष कोणीही असो, ही अट फक्त काँग्रेसच बदलू शकते. जुलै २०१९ मध्ये ती काढणारं विधेयक प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सिनेटने डिसेंबर २०२० मध्ये आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्ही मसुदे एकसारखे होईपर्यंत त्या काँग्रेसची मुदत संपली, आणि मुदत संपली की विधेयक मरतं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमच्या ओळखीतली कितीतरी घरं त्या महिन्यात रोज बातम्या उघडून बसली होती. त्यामुळे "कोणाचाही ताबा असो, आपल्याला काय" असं कोणी म्हटलं की मी गप्प बसत नाही.

मात्र ताबा मिळाला म्हणजे सगळं मिळालं असंही नाही. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांवरची चर्चा थांबवायलाच ६० मतं लागतात. राष्ट्राध्यक्षाचा नकाराधिकार मोडायला दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश. "आता अमुक कायदा रद्द होणार" असा संदेश आला की आधी हे दोन अडथळे आठवा.

चौथी पायरी: ४३५ जागा बघू नका

बहुतेक जागांचा निकाल मतदानाआधीच ठरलेला असतो. खरी चुरस काही डझन जागांवर. निवडणुकीच्या आधी जाणकार संस्था जागांची सुरक्षित, झुकलेली आणि अटीतटीची अशी वर्गवारी देतात. अटीतटीच्या तीस-चाळीस जागांची यादी काढा, प्रत्येकीपुढे आत्ता ती कोणाकडे आहे ते लिहा, आणि त्या रात्री तेवढीच बघा. ज्याची त्याने जागा राखली तर ताबा हलत नाही. हलतो तो दुसऱ्याची खेचून घेतलेल्या जागांनी.

सुरक्षित जागेची खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार (श्री हे त्यांचं नावच) मिशिगनच्या तेराव्या मतदारसंघातून निवडून आले तेव्हा बेळगावपासून मुंबईपर्यंत बातमी झाली, आणि व्हायलाच हवी होती. पण डेट्रॉइटचा तो मतदारसंघ डेमोक्रॅटांचा बालेकिल्ला. त्यांचा खरा कस ऑगस्टमध्ये लागला, बऱ्याच उमेदवारांच्या प्रायमरीत. नोव्हेंबरच्या रात्री तिथे काही बदलेल म्हणून कोणी जागत बसलं नव्हतं.

चुरशीच्या राज्यांतच चुरशीच्या जागा असतात, हाही एक गैरसमज. २०२२ ला सगळ्यांचं लक्ष पेनसिल्व्हेनियाकडे होतं, आणि प्रतिनिधिगृहाचा ताबा ठरवण्यात मोठा वाटा न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया या निळ्या राज्यांतल्या जागांचा निघाला.

मतदारसंघांचे नकाशेही एकदा पाहून घ्या. ते बहुतेक राज्यांत राज्य विधिमंडळच आखतं, म्हणजे सत्ताधारी पक्षच. २०१२ मध्ये देशभरात डेमोक्रॅट उमेदवारांना दहा लाखांहून जास्त मतं अधिक पडली, जागा मात्र रिपब्लिकनांना २३४ आणि त्यांना २०१. नकाशे एरवी दहा वर्षांनी जनगणनेनंतर बदलतात, पण २०२५ मध्ये टेक्सासने मधेच बदलले, आणि त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्नियाने मतदारांचा कौल घेऊन आपलेही बदलले. जुन्या नकाशावरून नवा अंदाज बांधू नका.

पाचवी पायरी: घड्याळ लावा

नोव्हेंबरच्या सुरुवातीला इथली घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर भारत न्यूयॉर्कच्या साडेदहा तास पुढे असतो. भारतीय वेळेप्रमाणे बुधवारी पहाटे साडेचारला केंटकी आणि इंडियानाच्या काही भागांतलं मतदान संपतं. साडेपाचला जॉर्जिया आणि व्हर्जिनिया, सहाला ओहायो आणि नॉर्थ कॅरोलायना, साडेसहाला पेनसिल्व्हेनिया आणि आमचं न्यू जर्सी, साडेसातला न्यूयॉर्क, विस्कॉन्सिन आणि ॲरिझोना. कॅलिफोर्निया साडेनऊला. अलास्काचं शेवटचं टोक साडेअकराला, तोवर सांगलीत दुपारचा स्वयंपाक होत आलेला असतो.

व्हर्जिनियाकडे विशेष लक्ष ठेवा, कारण तिथली मोजणी लवकर उरकते. २०२२ ला रिपब्लिकन लाट येणार अशी चर्चा होती. त्या रात्री व्हर्जिनियातली दुसरी जागा त्यांनी खेचली, पण सातवी त्यांना मिळाली नाही. लाट असती तर तीही त्यांच्याकडे जायला हवी होती. जाणकारांना तेवढ्यावरून अंदाज आला, आणि शेवटी रिपब्लिकनांच्या हाती प्रतिनिधिगृहात २२२ जागांचं काठावरचं बहुमत लागलं.

सहावी पायरी: कोणती मतं मोजून झाली, ते विचारा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. नवखे लोक इथेच फसतात.

आपल्याकडे मोजणी फेऱ्यांनी होते. सातव्या फेरीत अमुक तालुक्याची गावं येणार, मग आघाडी फिरणार, हे गावातल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. शिवाय एकूण मतं किती पडली हा आकडा मोजणीआधीच हातात असतो. अमेरिकेत दोन गोष्टी वेगळ्या आहेत. एक म्हणजे मतांचे प्रकार: टपालाने आलेली, आधी येऊन दिलेली, त्या दिवशी केंद्रावर दिलेली. हे मतदार एकसारखे नसतात. अलीकडच्या निवडणुकांत टपाली मतं डेमोक्रॅटांकडे झुकली, त्या दिवशीची रिपब्लिकनांकडे. दुसरी गोष्ट, एकूण मतं किती हे त्या रात्री कोणालाच नेमकं माहीत नसतं. पडद्यावर '९५ टक्के मोजणी' दिसते तो अंदाज असतो. तो आकडा दुसऱ्या दिवशी खालीही येऊ शकतो, आणि त्यात काहीही काळंबेरं नसतं.

कोणता प्रकार आधी मोजायचा हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. फ्लोरिडा टपाली मतं आधीच तयार ठेवतं, म्हणून तिथला निकाल झटपट येतो. पेनसिल्व्हेनियात मतदानाच्या सकाळी सातपर्यंत टपाली पाकिटं उघडायला परवानगी नाही, त्यामुळे केंद्रावरची मतं आधी दिसतात आणि टपाली नंतर. कॅलिफोर्नियात मोजणी आठवडेच्या आठवडे चालते. तिथे पाकिटावरची सही जुळली नाही तर मतदाराला कळवून दुरुस्तीची संधी देतात. त्याला वेळ लागतो आणि तो लागलाच पाहिजे. एखाद्याचं मत सहीच्या वळणापायी फुकट जाण्यापेक्षा मी पंधरा दिवस थांबेन.

२०२२ ला मी आमच्या गावातल्या मतदान केंद्रावर काम केलं. दिवसभरात कितीतरी लोक आले ज्यांच्या घरी टपाली मतपत्रिका गेली होती, पण त्यांना इथे येऊन मत द्यायचं होतं. कायद्याने त्यांना यंत्रावर मत देता येत नव्हतं. आम्ही त्यांना तात्पुरती मतपत्रिका देत होतो, जी वेगळ्या पाकिटात जाते आणि त्या माणसाने आधी मत दिलेलं नाही याची खात्री झाल्यावरच मोजली जाते. एक आजी मला म्हणाल्या, "माझं मत आज रात्री टीव्हीवर दिसेल ना?" नाही म्हणताना वाईट वाटलं. पण ते मोजलं जाईल, हे मी त्यांना खात्रीने सांगू शकले.

मध्यरात्री आलेख अचानक सरळ वर चढला की "मतं ओतली" असे संदेश फिरू लागतात. २०१८ मध्ये विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरपदाच्या लढतीत मिलवॉकी शहराने चाळीस हजारांहून जास्त टपाली मतं मध्यरात्रीनंतर एकगठ्ठा जाहीर केली आणि डेमोक्रॅट टोनी एव्हर्स तीस हजारांच्या आतल्या फरकाने जिंकले. शहराची टपाली मतं एकाच जागी मोजून एकदम जाहीर करायची ही तिथली पद्धत. मतं दिवसा आलेली असतात, आकडा रात्री येतो.

म्हणून आघाडी बघून बोलू नका, एक साधं गणित करा. समजा 'अ' १२ हजारांनी पुढे आहे आणि ४० हजार मतं उरली आहेत. 'ब'ला त्यातली २६ हजार, म्हणजे ६५ टक्के हवीत. उरलेली मतं कुठली आहेत? तिथे 'ब'ला आतापर्यंत ७० टक्के पडत असतील तर 'अ' हरत चालला आहे. ५५ टक्के पडत असतील तर झोपायला हरकत नाही. २०२२ च्या नेवाडातल्या सिनेटच्या लढतीत हेच झालं. रिपब्लिकन ॲडम लॅक्सॉल्ट दिवसेंदिवस पुढे दिसत होते, पण लास व्हेगासच्या क्लार्क काउंटीतली (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) टपाली मतं उरली होती. शनिवारी, १२ नोव्हेंबरच्या रात्री कॅथरीन कॉर्टेझ मास्टो पुढे गेल्या, सुमारे ८ हजार मतांनी जिंकल्या, आणि सिनेट डेमोक्रॅटांकडे राहिली.

सातवी पायरी: 'जिंकले' असं कोण म्हणतंय

इथे आपल्यासारखा केंद्रीय निवडणूक आयोग नाही. नावात तसं वाटणारी एक संघीय संस्था आहे, पण ती प्रचाराच्या पैशांवर लक्ष ठेवते. मतदान घेणं आणि मोजणं हे राज्यांचं आणि काउंट्यांचं काम, आणि काउंट्या तीन हजारांच्या वर आहेत. त्यामुळे त्या रात्री 'विजयी' हा शब्द येतो तो वृत्तसंस्थांकडून. असोसिएटेड प्रेस १८४८ पासून हे काम करते. पिछाडीवरच्याला गाठणं अशक्य झालं असं वाटलं की ते नाव जाहीर करतात. अधिकृत निकाल राज्य प्रमाणित करतं, काही आठवड्यांनी.

हे लोक फार क्वचित चुकतात, पण चुकतात. २०१८ ला कॅलिफोर्नियाच्या एकविसाव्या मतदारसंघात डेव्हिड व्हालाडाओ जिंकल्याचं जाहीर झालं होतं. मोजणी पुढे सरकत गेली, नोव्हेंबरच्या अखेरीस ती घोषणा मागे घ्यावी लागली, आणि टी. जे. कॉक्स ८६२ मतांनी निवडून आले. उमेदवाराने पराभव मान्य केला तरी त्याला कायद्याचं बळ नसतं. २०२२ ला कोलोरॅडोत लॉरेन बोबर्ट यांच्याविरुद्ध ॲडम फ्रिश यांनी हार मानली, तरी फरक अगदी थोडा असल्याने कायद्यानुसार फेरमोजणी झालीच. अंतिम फरक ५४६.

दोन अपवाद लक्षात असू द्या. जॉर्जियात निम्म्याहून जास्त मतं कोणालाच पडली नाहीत तर पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. २०२२ ला राफाएल वॉर्नॉक ६ डिसेंबरच्या अशाच लढतीत जिंकले आणि डेमोक्रॅटांची सिनेटमधली एक्कावन्नावी जागा आली. मेन आणि अलास्कात मतदार पसंतीक्रम देतात, आपल्या विधान परिषदेच्या निवडणुकीची आठवण व्हावी असा. २०१८ ला मेनमध्ये जॅरेड गोल्डन पहिल्या पसंतीत मागे होते, दुसऱ्या पसंतीच्या मतांवर जिंकले.

आठवी पायरी: बोलताना

राष्ट्राध्यक्षाचा पक्ष मध्यावधीत प्रतिनिधिगृहातल्या जागा गमावतो हा जवळजवळ नियमच आहे. गेल्या शंभर वर्षांत तो १९३४, १९९८ आणि २००२ या तीनच वेळा मोडला. तेव्हा सत्ताधाऱ्यांच्या जागा गेल्या एवढ्यावरून "जनता उठली" म्हणू नका. किती गेल्या ते बघा. २०१० ला ओबामांच्या पक्षाने ६३ गमावल्या, तो खरा हादरा.

आणि काठावरच्या जागेबद्दल बोलताना एकेका मताचा मान राखा. २०१७ च्या व्हर्जिनियातल्या विधानसभेच्या एका जागी दोघांना ११,६०८ मतं पडली. सभागृहाचा ताबा त्या जागेवर अडला होता. शेवटी एका भांड्यातून चिठ्ठी काढली आणि रिपब्लिकन उमेदवार जिंकले. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीतही एका प्रभागात चिठ्ठीवरच निकाल लागला होता, तो ज्यांना आठवतो त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही.

नववी पायरी: ३ जानेवारीपर्यंत कागद फाडू नका

२०२२ ला प्रतिनिधिगृह रिपब्लिकनांचं झालं हे मतदानानंतर आठ दिवसांनी, १६ नोव्हेंबरला स्पष्ट झालं. पण नवं सभागृह बसतं ३ जानेवारीला दुपारी बारा वाजता, भारतात रात्री साडेदहाला, आणि पहिलं काम सभापती निवडण्याचं. त्याशिवाय सदस्यांची शपथ होत नाही, नियम ठरत नाहीत, समित्या बसत नाहीत. इथे पक्षांतरबंदी कायदा नसल्याने स्वतःच्याच पक्षाचे सदस्य अडून बसू शकतात. २००१ मध्ये तर व्हरमाँटचे जिम जेफर्ड्स रिपब्लिकन पक्षातून बाहेर पडले आणि निवडणुकीशिवायच सिनेटचा ताबा बदलला.

२०२३ च्या जानेवारीत २२२ जागा हाताशी असूनही रिपब्लिकनांचे सभापतिपदाचे उमेदवार केव्हिन मॅकार्थी पहिल्या फेरीत निवडून आले नाहीत. १९२३ नंतर असं प्रथमच घडलं. दुसरी फेरी गेली, पाचवी गेली, अकरावी गेली. चार दिवस निवडून आलेले ४३४ जण सदस्य म्हणून काही करू शकत नव्हते. एक जागा निधनामुळे रिकामी होती. ठाणेदारही त्यांच्यातच होते, आणि बरेच जण शपथ पाहायला आलेल्या कुटुंबांसह ताटकळत होते. पंधराव्या फेरीत मॅकार्थी निवडून आले तेव्हा वॉशिंग्टनमध्ये मध्यरात्र उलटून गेली होती. त्यानंतर सगळ्यांनी उजवा हात वर करून एकत्र शपथ घेतली. सांगलीत शनिवार उजाडून कितीतरी वेळ झाला होता, आणि मामांचा फोन आला: "झालं का गं एकदाचं?"